गावदप्तराची स्थलांतरे: कुलकर्ण्याच्या वाड्यापासून डेटा सेंटरपर्यंत

कोल्हापूर जिल्ह्यातील शेतजमिनीच्या नोंदींनी गेल्या शंभर वर्षांत तीनदा घर बदलले. १९१८ साली त्या कुलकर्ण्याच्या वाड्यातून तलाठ्याच्या ताब्यात आल्या. विसाव्या शतकाच्या अखेरीस सुरू झालेल्या संगणकीकरणात त्यांची एक प्रत तहसील कचेरीतल्या संगणकावर गेली. २०१० नंतरच्या दशकात तालुक्या-तालुक्यातल्या सर्व्हरवरचा हा साठा उचलून राज्याच्या डेटा सेंटरमध्ये एकत्र करण्यात आला. सामान दरवेळी तेच होते: जमीन कोणाची, किती, कोणत्या हक्काने, तिच्यावर बोजा काय आणि तिच्यात पीक कोणते. हे सामान हलवणे हा त्यातला सोपा भाग. नवी प्रत चालू झाली की जुनी बंद करायची की नाही, दोन्हींत फरक निघाला तर खरी कोणती मानायची, आणि फरक आहे हे शोधायचे कोणी, यावर खरा वेळ गेला. पहिल्या स्थलांतरात या प्रश्नांचे उत्तर एका हुकुमाने मिळाले. दुसऱ्यात ते लांबणीवर पडले आणि त्याची भरपाई तिसऱ्यात करावी लागली.

संस्थानी काळात गावदप्तर म्हणजे कापडी रुमालांत बांधलेले कागदांचे गठ्ठे. त्यांत जमिनीचा झाडा, वसूलबाकी, इनामांच्या नोंदी, बलुत्यांचे हक्क, पीकपाणी असे सगळे असे. लेखन बोरूने आणि मोडीत. दप्तर लिहिण्याचा हक्क कुलकर्ण्याचा आणि तो वंशपरंपरागत. मोबदल्यात इनाम जमीन आणि वसुलीतला ठरलेला वाटा. पाटील वसूल करी, कुलकर्णी लिही. गावात कचेरीची स्वतंत्र इमारत नसल्याने दप्तर कुलकर्ण्याच्या घरातच राही आणि बाप वारल्यावर शेतीवाडीबरोबर मुलाच्या हाती येई. वतनाच्या वाटण्या झाल्या की लिहिण्याची पाळी भावाभावांत फिरे.

याला वरून ताळा नव्हता असे नाही. परगण्याचा देशपांडे हा गावोगावच्या कुलकर्ण्यांच्या वर होता आणि परगण्याचे दप्तर त्याच्याकडे असे. गावच्या हिशेबाविषयी शंका आली तर देशपांड्याचे कागद काढून पडताळणी करता येई. दोन ठिकाणी दोन प्रती, दोन वेगळ्या हातांत, ही व्यवस्था कागदावर उत्तम होती. पण दोन्ही हात वतनदारांचेच, बहुतेक एकाच जातीचे आणि हितसंबंध एकमेकांत गुंतलेले. ज्या रयतेविषयी लिहिले जात होते तिला मोडीच काय, कोणतीच लिपी वाचता येत नव्हती. आपल्या नावावर किती जमीन लिहिली आहे हे जाणून घ्यायचे तर ज्याने लिहिले त्यालाच विचारावे लागे.

शाहू महाराजांनी (कारकीर्द १८९४ ते १९२२) १९१८ मध्ये कोल्हापूर संस्थानातील कुलकर्णी वतने खालसा केली आणि त्या जागी पगारी तलाठी नेमले. या निर्णयाकडे सामाजिक सुधारणा म्हणून पाहिले जाते आणि ते योग्यच आहे. वेदोक्त प्रकरणापासून चालत आलेला ब्राह्मण-ब्राह्मणेतर संघर्ष त्यामागे होता. तलाठ्यांच्या जागी ब्राह्मणेतर तरुण घेतले गेले, त्यांत अस्पृश्य मानलेल्या समाजांतीलही होते. कुलकर्णी वतनदारांनी जोरदार विरोध केला, आणि टिळकपक्षीयांशी महाराजांचे आधीच बिनसले होते ते आणखी बिघडले. या गदारोळात निर्णयाची दुसरी बाजू सहसा झाकली जाते. नोंदी सांभाळण्याच्या दृष्टीने पाहिले तर दप्तर प्रथमच एका घराण्याचे न राहता एका पदाचे झाले. तलाठ्याची बदली होऊ शकत होती. बदली झाली की जुन्याने नव्याला चार्ज द्यायचा, म्हणजे कोणती वही, किती पाने, कोणते नकाशे, याची यादी करून सही घ्यायची. ही चार्ज यादी दिसायला किरकोळ वाटते, पण आपल्याकडे नेमके काय आहे हे दप्तराला त्यामुळे पहिल्यांदा सांगता येऊ लागले. कुलकर्ण्याच्या घरात अशा यादीची कधी गरजच पडली नव्हती, कारण द्यायचे कोणाला?

हुकुमाचा आणखी एक गुण असा की त्याने दोन दप्तरे ठेवली नाहीत. यापुढे तलाठी लिहील ते दप्तर. कुलकर्ण्याच्या घरी काही कागद मागे राहिले असले तर ते जुने कागद. त्यांना पुराव्याचे मूल्य असेल, चालू नोंदीचे नाही. कुलकर्ण्याच्या डोक्यातले मात्र यादीत घेता आले नाही. कोणता बांध कोणत्या भांडणानंतर सरकला, कोणत्या नावापुढचे नाव प्रत्यक्षात कोणत्या भावकीचे, अशी माहिती पिढ्यान्‌पिढ्या एकाच घरात असल्याने लिहायची गरज भासलेली नव्हती. बाहेरगावाहून आलेल्या तलाठ्याला ती विचारून, लिहून घ्यावी लागली. पुढच्या काळात गावनमुन्यांचे रकाने वाढत गेले त्यामागे वरच्या खात्यांच्या मागण्या आहेतच, पण लिहिणारा गावचा नाही हेही एक कारण आहे.

१ मार्च १९४९ रोजी कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. संस्थानात तालुक्याला पेटा म्हणत; करवीर, पन्हाळा, शिरोळ, आळते, गडहिंग्लज, भुदरगड हे जुने पेटे. शिवाय विशाळगड, बावडा, कागल, इचलकरंजी, कापशी अशा जहागिरी आणि त्यांची आपापली दप्तरे. हे सगळे एका जिल्ह्याच्या साच्यात बसवावे लागले. मुंबई राज्याने परगणा व कुलकर्णी वतने रद्द करणारा कायदा १९५० साली केला. कोल्हापूरच्या खेड्यांना त्यात नवे काही नव्हते, तिथे हे बत्तीस वर्षांपूर्वीच होऊन गेले होते. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत चंदगड तालुका बेळगाव जिल्ह्यातून कोल्हापूरला जोडला गेला. राज्याची हद्द बदलली, जिल्हा बदलला, दाद मागण्याची कचेरी बदलली. गावाचे दप्तर तलाठ्याकडेच राहिले, कारण ते जमिनीला बांधलेले असते. पाठोपाठ १ एप्रिल १९५७ हा कूळकायद्यातला कृषक दिन आला आणि कुळे मालक होण्याच्या नोंदींनी फेरफाराच्या वह्या भरून गेल्या.

महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम १९६६ साली झाला आणि १५ ऑगस्ट १९६७ पासून अमलात आला. १९७१ च्या नियमांनी नोंदवह्या कशा ठेवायच्या ते ठरवून दिले. गावनमुने एक ते एकवीस. त्यांतला सातवा अधिकार अभिलेखाचा, बारावा पिकांचा. दोन्ही एका कागदावर छापले जात असल्याने सातबारा. सहावा नमुना फेरफाराचा, ज्याला कोल्हापूर, सांगलीकडे सरसकट डायरी म्हणतात. खरेदी झाली, वारस लागले, बँकेचा बोजा चढला की आधी डायरी धरायची, नोटिसा काढायच्या, हरकतीसाठी पंधरा दिवस थांबायचे, मग सर्कलने म्हणजे मंडल अधिकाऱ्याने ती मंजूर करायची आणि त्यानंतरच सातबारा बदलायचा. आजच्या संगणकी व्यवस्थेचा कणा हाच आहे. त्यात फक्त कागद गेला.

हाताने लिहिलेला सातबारा वाचणे ही एक कला होती. डायरी धरली पण मंजूर झाली नाही तोवर सातबाऱ्यावर पेन्सिलीने नोंद करायची, मंजुरीनंतर शाईने. हक्क संपलेल्या माणसाचे नाव खोडायचे नाही, त्याला कंस करायचा. ज्या फेरफाराने हक्क आला त्याचा क्रमांक शेजारी वर्तुळात लिहायचा. म्हणजे एका पानावर जिवंत हक्क, संपलेले हक्क आणि होऊ घातलेले हक्क असे तिन्ही एकत्र, आणि त्यांतला फरक फक्त कंस, वर्तुळ आणि शिसपेन्सिलीच्या रेघेवरून ओळखायचा. नावांपुढे अक्षरांची लघुरूपे: एकत्र कुटुंबाचा कर्ता असेल तर ए.कु.क., अल्पवयीन वारसाचा पालनकर्ता असेल तर अ.पा.क. बाराव्या नमुन्याचे वर्षावार रकाने भरले की साधारण दहा वर्षांनी सातबाऱ्याचे पुनर्लेखन करायचे, म्हणजे नवे पान घेऊन फक्त चालू नोंदी उतरवायच्या. हेही एक स्थलांतरच, फक्त गावातल्या गावात; आणि नकलेत होणाऱ्या चुका या पुनर्लेखनातही होत. एखादे नाव सुटे, एखादा बोजा मागच्या पानावरच राही. ते पंधरा-वीस वर्षांनी वारसांच्या भांडणात उघडकीस येई.

त्यात मापांची भर पडली. जुन्या नोंदी एकर-गुंठ्यांत आणि आकारणी रुपये-आणे-पैंत. दशमान पद्धत आली तशी क्षेत्रे हेक्टर-आरमध्ये आणि आकार रुपये-पैशांत बसवावा लागला. एक गुंठा म्हणजे १०१.१७ चौरस मीटर, आर म्हणजे १०० चौरस मीटर. दोघे इतके जवळ की एकच समजले जातात, आणि घोटाळा तिथेच सुरू होतो. समजा एका गटाचे क्षेत्र १ एकर १३ गुंठे, म्हणजे ५३ गुंठे आहे. त्याचे ५३.६२ आर होतात, पूर्णांकात ५४. तो गट चार भावांत सारखा वाटला तर प्रत्येकाला १३.४० आर, पूर्णांकात १३. चौघांची बेरीज ५२. वरच्या बाजूला ५४ आर, खाली ५२, आणि मधले २ आर, जवळजवळ दोन गुंठे, कोणाच्याच नावावर नाहीत. कागदावर याकडे कोणी पाहत नसे. तलाठ्याला माहीत असे की हा पूर्णांकाचा फरक आहे. चौघे भाऊ बांधाप्रमाणे कसत असत.

नंबरांचेही तसेच. जमाबंदीचे सर्व्हे नंबर, फेरमोजणीनंतरचे रिव्हिजन सर्व्हे नंबर, आणि १९४७ च्या तुकडेबंदी व एकत्रीकरण कायद्याखाली योजना झाली तिथे गट नंबर. कोल्हापूर शहर आणि परिसरातल्या दस्तांत, वर्तमानपत्रातल्या जाहीर नोटिशींत आजही ‘रि.स.नं.’ ही अक्षरे जागोजागी दिसतात. एका जमिनीला काळाप्रमाणे तीन ओळखी असल्या तर जुना आणि नवा नंबर जोडणारी तालिका हाच त्या जमिनीचा धागा. ती तालिका फाटली तर दोन्ही वह्या शाबूत असून उपयोग नाही.

भूमी अभिलेखांच्या संगणकीकरणाची केंद्रपुरस्कृत योजना १९८८-८९ मध्ये देशातल्या आठ जिल्ह्यांत प्रयोग म्हणून सुरू झाली. महाराष्ट्रातून त्यात वर्धा जिल्हा होता. पुढे योजना सगळीकडे पसरली आणि सातबारा तहसील कचेरीतल्या संगणकात भरला जाऊ लागला. महाराष्ट्रात सातबारे अडीच कोटींच्या घरात. एवढी नोंद भरायला ऑपरेटर बसवले गेले. त्यांना टंकलेखन येत होते, सातबारा वाचता येईलच असे नव्हते. कंस म्हणजे संपलेला हक्क हे ज्याला कळले नाही त्याने कंसातले नावही जसेच्या तसे भरले आणि वीस वर्षांपूर्वी जमीन विकलेला माणूस पुन्हा खातेदार झाला. ए.कु.क. हे नावाचाच भाग समजले गेले. एका गावात तीनचार पाटील एकाच नावाचे आणि एकाच बापाच्या नावाचे असणे ही पश्चिम महाराष्ट्रात रोजची बाब. वहीत ते खाते क्रमांकावरून, शाईच्या रंगावरून, पानाच्या जागेवरून वेगळे राहत. संगणकाला यातले फक्त खाते क्रमांक कळतात, आणि तोच चुकला असेल तर दोघांची जमीन एकत्र होते.

हे दोष नकलेचे, म्हणून अपेक्षितच होते. मोठी चूक धोरणाची होती. संगणकी सातबारा सुरू झाला तरी हस्तलिखित बंद झाला नाही. डायरी आधी गावात वहीत धरली जाई, सर्कल ती वहीत मंजूर करी, तलाठी हाताने सातबारा बदली, आणि नंतर केव्हातरी तालुक्याच्या संगणकात तो बदल भरला जाई. भरला गेला नाही तर कोणाचे अडत नव्हते, कारण कोर्टात, बँकेत, सोसायटीत हाताचा उतारा चालत होता. दोन प्रती वर्षानुवर्षे शेजारी राहिल्या आणि दिवसागणिक एकमेकींपासून लांब गेल्या. हद्दीपलीकडे कर्नाटकाने भूमी प्रकल्पात नेमका उलट मार्ग धरला. एकेका तालुक्याची नोंद भरून, तपासून झाली की त्या तालुक्यात हस्तलिखित उतारा कायद्याने बाद ठरवला गेला; पुढचा प्रत्येक बदल संगणकातूनच. २००१-०२ च्या सुमारास तिथे हे पार पडले. गडहिंग्लज, चंदगड, कागलच्या ज्या शेतकऱ्यांची जमीन किंवा सोयरीक बेळगावकडे होती त्यांना हा फरक घरबसल्या दिसत होता. कर्नाटकात चुका झाल्या नाहीत असे नाही, पण चूक कुठे दुरुस्त करायची याबद्दल संभ्रम राहिला नाही. जुनी प्रत कधी बंद करायची हे आधी न ठरवता नवी सुरू केली की काय होते, याचे उदाहरण म्हणून महाराष्ट्राची ही दहा-पंधरा वर्षे दाखवता येतील.

त्या काळच्या व्यवस्थेत आणखी एक गुंता होता. प्रत्येक तालुक्याच्या संगणकावर माहितीचा साठा वेगळा आणि प्रोग्रामची प्रतही वेगळी. राज्यात तालुके ३५८, कोल्हापूर जिल्ह्यात १२. प्रोग्राममध्ये सुधारणा झाली की ती आवृत्ती तालुक्या-तालुक्यात नेऊन बसवायची. जिथे ती वेळेवर पोहोचली नाही तिथे जुनी आवृत्ती चालू राहणार आणि दोन तालुक्यांच्या साठ्याची ठेवण हळूहळू वेगळी होणार. मराठी अक्षरांचा प्रश्न तर त्याहून नाजूक. युनिकोड रुळण्याआधी मराठी दाखवण्यासाठी वेगवेगळी सांकेतिके आणि त्यांचे ठरावीक फॉन्ट वापरले जात. साठवलेले आकडे तेच असले तरी योग्य फॉन्ट नसेल तर पडद्यावर भलतीच चिन्हे उमटत. अशा साठ्याची फाइल नुसती दुसऱ्या यंत्रावर उतरवून भागत नाही. सांकेतिक, फॉन्ट आणि ते वाचणारा प्रोग्राम अशी तिन्ही सोबत न्यावी लागतात, नाहीतर अक्षरांचे युनिकोडमध्ये रूपांतर करावे लागते. रूपांतरात जोडाक्षरे, रफार आणि अर्धा र ही नेहमीची अडचणीची ठिकाणे. ‘कुऱ्हाडे’, ‘बऱ्हाडे’ अशी आडनावे तिथे हमखास बिघडतात, आणि सातबाऱ्यावर आडनाव बिघडले की बँक कर्ज देताना अडवते.

ई-फेरफार प्रणालीत हे सगळे एकत्र आणले गेले. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या पुण्यातल्या चमूने ती तयार केली. एक प्रोग्राम, एक साठा, राज्याच्या डेटा सेंटरमध्ये. तलाठी लॅपटॉपवरून बोटाचा ठसा आणि डिजिटल सहीचे टोकन वापरून त्यात शिरणार. दुय्यम निबंधकाकडे दस्त नोंदला की त्याची सूचना आपोआप तलाठ्याकडे येणार. तालुक्याचा साठा डेटा सेंटरकडे नेताना फेरफार धरणे काही काळ थांबवावे लागे, कारण साठा प्रवासात असताना गावात नवी नोंद झाली तर ती ना जुन्यात राहते ना नव्यात. नेलेल्या नोंदींची मोजदाद जुळली की नवा सर्व्हर उघडायचा. इथपर्यंतचे काम तंत्रज्ञांचे होते.

पुढचे काम तलाठ्यांचे होते आणि ते कितीतरी पट मोठे ठरले. हस्तलिखित सातबारा समोर ठेवून संगणकातला सातबारा ओळ ओळ तपासायचा, चूक असेल ती ‘एडिट मॉड्युल’मध्ये दुरुस्त करायची, ते पुरले नाही म्हणून पुढे ‘री-एडिट’ आले. नवी प्रणाली बेरीज करून पाहत होती. एकूण क्षेत्र आणि खातेदारांच्या क्षेत्रांची बेरीज जुळत नसेल तर तो सातबारा दोषाच्या यादीत जाई. कागदावर खपून गेलेले ते दोन आर आता अडू लागले. एका बाजूला राज्यभरचे तलाठी एकाच सर्व्हरवर आलेले, दुसऱ्या बाजूला खेड्यातले इंटरनेट. दिवसा सर्व्हर संथ चाले म्हणून अनेक तलाठी रात्री जागून काम करत; ‘सर्व्हर डाऊन’ हे शब्द या काळात पानपट्टीवरही रुळले. तलाठ्याच्या सज्ज्यातला माणूस उताऱ्यासाठी खेपा घाली तेव्हा त्याला राज्याच्या डेटा सेंटरशी काही देणेघेणे नसे. त्याच्या दृष्टीने तलाठ्याने पूर्वी दहा मिनिटांत लिहून दिलेला कागद आता मिळत नव्हता, एवढेच खरे.

२०१७ च्या उन्हाळ्यात चावडी वाचनाची मोहीम झाली. संगणकातले सातबारे गावात मोठ्याने वाचायचे आणि ज्याचे त्याने ऐकून हरकत सांगायची. वीस-पंचवीस वर्षे संगणकाशी झटल्यावर अखेर नोंद तपासण्याचा भरवशाचा मार्ग म्हणून दवंडी आणि चावडी यांच्याकडेच परतावे लागले. आणि ते योग्यच होते, कारण भावकीतले कोणते नाव सुटले हे भावकीलाच कळते. मान्य झालेल्या चुका अधिनियमाच्या कलम १५५ खाली तहसीलदारांच्या आदेशाने दुरुस्त होत. हे कलम लेखनप्रमादासाठी आहे. त्याच्या आडून हक्कच बदलण्याचे प्रकार झाल्याच्या तक्रारी नंतर राज्यभर आल्या. नकलेची चूक कुठे संपते आणि हक्काचा वाद कुठे सुरू होतो ही रेषा आखणे मुळातच कठीण आहे.

१ मे २०१८ रोजी डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा राज्यात सुरू झाला. पंधरा रुपये भरून कोणालाही, कुठूनही तो काढता येतो आणि तो कायदेशीर कामाला चालतो. मूळ प्रत कोणती या प्रश्नाचा निकाल इथे लागला: सर्व्हरवरची. २०२० मध्ये उताऱ्याची रचना बदलली तेव्हा त्यावर शेवटच्या फेरफाराचा क्रमांक व दिनांक आला, आणि प्रलंबित फेरफार आहे की नाही याची एक ओळ आली. पूर्वी जे तलाठ्याची शिसपेन्सिल सांगत होती ते काम आता ही ओळ करते.

साठा गावाबाहेर असण्याचा फायदा कोल्हापूरला वेगळ्या कारणाने कळतो. पंचगंगेची धोका पातळी राजाराम बंधाऱ्यावर ४३ फूट. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये पाणी ५५ फुटांच्याही वर गेले. शिरोळ तालुक्यात कृष्णा, पंचगंगा, वारणा आणि दूधगंगा अशा चार नद्यांचे पाणी एकत्र होते. तिथे चावडीच्या कपाटात ठेवलेली एकुलती एक वही ही जोखीमच. दूरच्या सर्व्हरला या पुराची भीती नाही, त्याला वेगळ्या भीती आहेत आणि त्यासाठी तिथेही दुसऱ्या ठिकाणी प्रत ठेवावी लागते. देशपांड्याच्या परगणा-दप्तराचे कामही हेच होते. पुढे वाढत्या भारामुळे हा साठा राज्याच्या डेटा सेंटरमधून क्लाउडवर हलवला गेला. त्याही वेळी फेरफाराचे काम थांबवावे लागले, पण यावेळी तपासणी यंत्राची यंत्राशी होती आणि गावाला त्याची झळ तुलनेने कमी लागली.

बाराव्या नमुन्याची लेखणी मात्र आणखी पुढे सरकली आहे. १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणीत शेतकरी स्वतः बांधावर उभा राहून मोबाइलवर पिकाचा फोटो काढतो आणि ऊस, सोयाबीन, भात अशी नोंद करतो. जे लिहिण्याचा हक्क कधी एका घराण्याचा आणि नंतर एका पदाचा होता, त्यातला पिकाचा भाग आता खातेदाराच्या हातात आहे. तलाठी हे पदनामही २०२४ मध्ये बदलून ग्राम महसूल अधिकारी झाले. गावात अजून तलाठीच म्हणतात.

जुने दप्तर टाकून देता आलेले नाही. संगणकात आलेला सातबारा बहुधा चालू नोंदींपुरता आहे. त्यावरच्या वर्तुळातला फेरफार क्रमांक १९५७ चा असेल तर तो फेरफार पाहायला अभिलेख कक्षातली वहीच काढावी लागते. त्याच्याही मागे जायचे तर मोडी वाचावी लागते, आणि मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नसल्याने व शब्द सलग लिहिले जात असल्याने नाव लावताना जाणकारही अडखळतात. राज्याच्या पुराभिलेख संचालनालयाकडून मोडी वाचनाची परीक्षा घेतली जाते. इनाम, वतन आणि देवस्थान जमिनींचे दावे कोल्हापुरात आजही चालू आहेत. अशा दाव्यात सर्व्हरवरच्या उताऱ्याबरोबर मोडी कागदाचे प्रमाणित लिप्यंतर जोडले जाते.